सोनं, चांदी की ॲल्युमिनियम? लवचीक इलेक्ट्रॉनिक्समधल्या सेंद्रिय थरांसाठी धातू निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रयोगशाळेत नवीन आलेली मुलं पहिल्या महिन्यात जे प्रश्न विचारतात, तेच इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच सगळ्यांची सॅम्पलं मरतात.

धातू म्हणजे शेवटी वीज नेणारी तारच ना? कुठलाही लावला तर काय बिघडतं?

सिलिकॉनच्या जगात या प्रश्नाचं उत्तर तयार असतं. धातूखालच्या सिलिकॉनमध्ये भरपूर डोपिंग केलं, म्हणजे मुद्दाम परके अणू मिसळले, की दोघांमधला अडथळा इतका पातळ होतो की इलेक्ट्रॉन त्यातून आरपार जातात, मग धातू कोणता याला तितकंसं महत्त्व उरत नाही. पेंटासीन, पी३एचटी, डीएनटीटी यांसारख्या सेंद्रिय, म्हणजे कार्बनी रेणूंच्या, अर्धवाहकांत आपण सहसा मुद्दाम डोपिंग केलेलं नसतं. ट्रान्झिस्टरमध्ये वाहणारा जवळजवळ प्रत्येक इलेक्ट्रॉन किंवा होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, जी धन प्रभारासारखी वागते) धातूतूनच यावा लागतो. म्हणजे धातू हे दार आहे, आणि दाराचा उंबरा किती उंच आहे यावर आत किती माणसं येणार ते ठरतं.

शिवाय धातू फिल्मच्या, म्हणजे सेंद्रिय थराच्या, आत शिरतो, रेणूंची मांडणी बदलतो, हवेत गंजतो, वाकवला की तडकतो. निवड करताना या चारही गोष्टी एकदम बघाव्या लागतात.

वर्क फंक्शन म्हणजे काय? कुठल्या धातूचं किती?

धातूतला इलेक्ट्रॉन पृष्ठभागाबाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा. ढोबळ आकडे इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये: कॅल्शियम २.९, मॅग्नेशियम ३.७, ॲल्युमिनियम ४.२ च्या आसपास, चांदी ४.३ ते ४.७, तांबं ४.६, सोनं ५.१ किंवा थोडं वर, प्लॅटिनम ५.६. पारदर्शक इलेक्ट्रोडसाठी वापरतात तो आयटीओ (इंडियम टिन ऑक्साइड) धातू नाही, पण त्याचंही ४.५ ते ४.८ धरतात.

पेंटासीन किंवा पी३एचटी यांची भरलेली सर्वांत वरची पातळी, म्हणजे होमो, साधारण ५ इलेक्ट्रॉनव्होल्टवर असते. त्यात होल घालायचे तर धातूचं वर्क फंक्शनही ५ च्या आसपास हवं, म्हणून सोनं. इलेक्ट्रॉन घालायचे असतील तर रिकाम्या पातळीशी, लुमोशी जुळणारा, कमी वर्क फंक्शनचा धातू हवा, म्हणून कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम.

म्हणजे तक्ता बघून जोडी जुळवली की झालं?

नाही. पत्रिका जुळली म्हणून संसार सुखाचा होत नाही, तसंच हे.

धातूच्या पृष्ठभागावरून इलेक्ट्रॉनांचा ढग थोडासा बाहेर डोकावत असतो. वर्क फंक्शनचा काही भाग या बाहेर आलेल्या शेपटीमुळेच असतो. रेणू येऊन पृष्ठभागावर बसला की तो ही शेपटी आत ढकलतो, उशीवर डोकं ठेवल्यावर कापूस दबतो तशी. परिणामी सोन्याचं वर्क फंक्शन अर्ध्या इलेक्ट्रॉनव्होल्टने, कधी त्याहून जास्त, खाली येतं. तक्त्यानुसार सोनं आणि पेंटासीन यांच्यात अडथळा जवळजवळ नसायला हवा. प्रत्यक्ष मोजला तर तो चांगला ठसठशीत निघतो.

गंमत म्हणजे पेडॉट-पीएसएस या वाहक प्लास्टिकचं वर्क फंक्शन सोन्याइतकंच असलं तरी पेंटासीनमध्ये होल ते सोन्यापेक्षा सहज घालतं. प्लास्टिकच्या पृष्ठभागावर आधीच रेणू आहेत, तिथे दाबायला मोकळी शेपटी नसते. याच कारणाने हवेत राहून हायड्रोकार्बनचा थर चढलेलं, म्हणजे चक्क मळलेलं सोनं काही वेळा स्वच्छ सोन्यापेक्षा बरं काम करतं. त्याचं वर्क फंक्शन कमी असतं, पण रेणू बसल्यावर ते आणखी फारसं घसरत नाही. नवीन विद्यार्थ्याला हे सांगितलं की तो सॅम्पल साफ करायचं सोडून देतो, म्हणून हे सहसा दुसऱ्या वर्षी सांगतात.

दुसरी अडचण अशी की धातूचं वर्क फंक्शन एका मर्यादेपलीकडे नेलं तरी अडथळा कमी होत नाही, पातळ्या एका जागी खिळून बसतात. म्हणून सोन्याऐवजी महागडं प्लॅटिनम घातलं म्हणजे प्रवाह वाढेलच असं नाही.

धातू आधी टाकायचा की फिल्म आधी?

सगळ्यात जास्त पश्चात्ताप या प्रश्नावर होतो.

धातू आधी टाकला आणि वरून पेंटासीन चढवलं, तर रेणूंना एकाच वेळी दोन जमिनी मिळतात. सिलिकॉन ऑक्साइडवर ते उभे राहतात, गर्दीत माणसं उभी असतात तसे, आणि शेजाऱ्याशी चांगली गाठ पडते. सोन्यावर मात्र ते आडवे होतात, कारण धातूशी त्यांचं आकर्षण जास्त. या दोन वस्त्यांच्या सीमेवर, म्हणजे नेमक्या इलेक्ट्रोडच्या कडेला, बारीक बारीक स्फटिक-दाण्यांचा चुरा तयार होतो. चॅनलमध्ये, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधल्या वाटेत, मोठे सुंदर दाणे आणि दारात मातीचा ढीग, अशी अवस्था. अणुबल सूक्ष्मदर्शकात कडेजवळचा पट्टा बघितला की शोधनिबंधात दाखवायची इच्छाच होत नाही.

यावर औषध आहे. सोन्यावर पेंटाफ्लुओरोबेंझीनथायॉल या रेणूचा एकपदरी थर चढवायचा. गंधक सोन्याला धरतं, फ्लोरिनचं टोक वर राहतं. त्याने सोन्याचं वर्क फंक्शन वाढतं, आणि काही द्रावणातून ओतायच्या रेणूंचे स्फटिक इलेक्ट्रोडच्या कडेपासूनच वाढत चॅनलमध्ये पसरतात. २००८ मध्ये अमेरिकेतल्या गटाने फ्लोरिन जोडलेल्या अँथ्राडायथायोफीनवर हे दाखवलं, तेव्हापासून खालचा कॉन्टॅक्ट (आधी धातू, वरून फिल्म) करणाऱ्यांचा तो नेहमीचा उपाय झाला आहे. सॅम्पल द्रावणात बुडवायचं, धुवायचं, सुकवायचं. काम अर्ध्या तासाचं, वास मात्र दिवसभर हाताला.

फिल्म आधी आणि धातू वरून, हा उलटा क्रम केला तर दाणे अखंड राहतात, पण धातूचा मारा फिल्मवर होतो.

तो मारा नेमका काय असतो? धातूची वाफच तर पडते.

वाफ खरी, पण कुठून आली ते बघा. सोनं १०६४ अंशांना वितळतं आणि बाष्पन करायला बोट त्याहून बरीच तापवावी लागते. (बोट म्हणजे टंगस्टनची छोटी वाटी, हाताचं बोट नाही. ती सोन्याने भरायला सांगितली की नवी मंडळी बावरतात.) बोटीचा लाल-पांढरा उजेड थेट फिल्मवर पडतो. फिल्म काही दशक नॅनोमीटर जाडीची आणि रेणू एकमेकांना दुबळ्या बळांनी धरून असलेले, म्हणजे साखरेच्या पातळ पापुद्र्यावर गरम छर्रे मारल्यासारखं.

इथे धातूंचे स्वभाव वेगळे दिसतात. टायटॅनियम, क्रोमियम, ॲल्युमिनियम हे पृष्ठभागावरच रेणूंशी रासायनिक बंध करतात आणि तिथेच थांबतात. फार आत जात नाहीत, पण वरचा रेणूंचा थर मात्र खराब करतात. सोनं आणि चांदी रेणूंशी संबंध ठेवत नाहीत, म्हणून ते दोन दाण्यांमधल्या फटीतून खाली घसरतात आणि आत छोटे गोळे करून बसतात. धातू पडण्याचा दर फार कमी ठेवला तर एकेका अणूला भटकायला वेळ मिळतो आणि शिरकाव वाढतो. दर जास्त ठेवला तर उष्णता वाढते. मधली वाट प्रत्येक चेंबरची वेगळी असते.

आमच्याकडे एकदा सोलर सेलच्या सहा पिक्सेलपैकी (एकाच सॅम्पलवरच्या छोट्या सेलपैकी) चार शॉर्ट निघाले. फिल्म तीच, धातूला आकार देणारा मास्क तोच. शेवटी कळलं की बोटीसमोरचं शटर उघडायच्या आधीच दर भरपूर चढला होता आणि सुरुवातीचे थेंब उडून फिल्मवर बसले होते. सूक्ष्मदर्शकात एकेक सोन्याचा थेंब भोक पाडून बसलेला स्पष्ट दिसत होता. तेव्हापासून शटर बंद ठेवून दर स्थिर होईपर्यंत थांबतो, आणि पहिले ५ नॅनोमीटर सावकाश घालतो.

ॲल्युमिनियमचा त्रास वेगळा. वितळलं की टंगस्टनवर पसरत जातं, त्याला खातं, आणि बोट मध्येच तडकते. मग चेंबर उघडा, बोट बदला, पुन्हा पंप लावा, संध्याकाळ गेली.

फिल्मला मुळीच मारा नको असेल तर धातू रबरी शिक्क्यावर वेगळा बसवून वरून नुसता टेकवता येतो. २००४ मध्ये रुब्रीनच्या अखंड स्फटिकांवर असे शिक्के दाबून ट्रान्झिस्टर मोजले गेले, आणि स्फटिकाला ओरखडाही न आल्यामुळे त्यांची मोबिलिटी, म्हणजे प्रभार किती सहज धावतात त्याचं माप, उत्तम आली. कारखान्यात हे चालवणं कठीण, पण मूळ पदार्थ किती चांगला आहे हे समजून घ्यायला फार उपयोगी.

सोन्याचा थर टेपने सहज निघून येतो. काय चुकतंय?

चुकत काही नाही, सोनं काचेला आणि ऑक्साइडला मुळात धरतच नाही. आधी क्रोमियम किंवा टायटॅनियमचे २ ते ५ नॅनोमीटर घालतात, ते ऑक्सिजनला घट्ट धरतात आणि सोन्याला जागा देतात.

पण इथे एक खाच आहे. ट्रान्झिस्टरमधला सगळा प्रवाह गेटजवळच्या (गेट म्हणजे प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रोड) पहिल्या काही नॅनोमीटरमधूनच वाहतो, आणि खालच्या कॉन्टॅक्टच्या रचनेत नेमक्या त्याच उंचीवर इलेक्ट्रोडच्या कडेला क्रोमियमची पट्टी उघडी असते. त्याचं वर्क फंक्शन सोन्याहून बरंच कमी. म्हणजे पैसे मोजले सोन्याचे आणि दारात उभा क्रोमियम. चिकटवणारा थर जेमतेम २-३ नॅनोमीटर ठेवा, किंवा गंधकाचं टोक असलेल्या सिलेनचा एकपदरी थर वापरा.

गेटला मात्र सगळे ॲल्युमिनियमच का घेतात?

कारण त्याचा गंजच कामाला येतो. ॲल्युमिनियमवर ऑक्सिजन प्लाझ्मा मारला की काही नॅनोमीटरचा घट्ट, वीजरोधक ऑक्साइड तयार होतो. त्यावर फॉस्फॉनिक आम्लाच्या रेणूंचा एकपदरी थर चढवला की एकूण जेमतेम ६ नॅनोमीटरचं डायइलेक्ट्रिक, म्हणजे गेट आणि फिल्ममधला वीजरोधक थर, मिळतं, आणि सगळं खोलीच्या तापमानाच्या आसपास होतं. जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या गटाने २००७ मध्ये याच्या जोरावर दीड ते तीन व्होल्टवर चालणारी सेंद्रिय सर्किटं दाखवली. त्याआधी अशा ट्रान्झिस्टरना वीस-तीस व्होल्ट लागणं नेहमीचंच होतं. प्लास्टिकच्या पत्र्यावर तर याला तोड नाही, कारण पेट (पीईटी) हे प्लास्टिक ७०-८० अंशांनाच मऊ व्हायला लागतं आणि पेन (पीईएन) हे १२० च्या आसपास. भट्टीत घालून ऑक्साइड वाढवायची सोयच नाही.

चांदी स्वस्त आहे. तीच का वापरू नये?

वापरतात. छापलेल्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये चांदीच मुख्य आहे. नॅनोकणांची शाई इंकजेटने छापायची आणि १२०-१५० अंशांना भाजायची, की कण जोडले जाऊन वाहक रेघ होते.

तक्रारी तीन. ताजी चांदी होल घालायला फारशी चांगली नसते, तिचं वर्क फंक्शन कमी. पण अतिनील किरण आणि ओझोन यांनी किंचित ऑक्सिडीकरण केलं की ते ५ च्या जवळ जातं. दुसरी, घरातल्या देवांच्या चांदीच्या ताटाला होतं तेच: हवेतल्या गंधकाने काळी पडते. तिसरी सगळ्यात वाईट. दमट हवेत व्होल्टेज लावून ठेवलं की चांदीचे आयन एका इलेक्ट्रोडवरून सुटून दुसऱ्यावर जमतात, झाडाच्या फांद्यांसारख्या वाढतात आणि एक दिवस शॉर्ट होतो. मुंबईत जुलैमध्ये झाकण न लावता चांदीचे दोन इलेक्ट्रोड जवळजवळ ठेवून रात्रभर व्होल्टेज लावणाऱ्याने सकाळी फार अपेक्षा ठेवू नये.

सेंद्रिय सोलर सेलमध्ये चांदीखाली मॉलिब्डेनम ऑक्साइडचे काही नॅनोमीटर घालतात. त्याचं वर्क फंक्शन इतकं जास्त असतं की वरचा धातू कोणता, हा प्रश्न बराचसा निकाली निघतो. असे उलट्या रचनेचे सेल ॲल्युमिनियमचा कॅथोड (इलेक्ट्रॉनांच्या बाजूचा इलेक्ट्रोड) असलेल्या सेलपेक्षा हवेत जास्त टिकतात.

आणि तांबं?

स्वस्त, उत्तम वाहक, पण ऑक्साइड होतं आणि फिल्ममध्ये शिरतं. टीसीएनक्यू या रेणूची वाफ तांब्यावर सोडून पृष्ठभागावर तांब्याचा क्षार करून घेतला की होल घालायला ते सोन्याशी स्पर्धा करतं. संशोधनात चालतं, उत्पादनात कमी.

इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या फिल्मसाठी काय लावायचं?

पाठ्यपुस्तकातलं उत्तर कॅल्शियम, आणि प्रत्यक्षातला प्रश्न हवा. कॅल्शियमचा चकचकीत थर ग्लोव्हबॉक्सबाहेर (ऑक्सिजन आणि ओलावा नसलेल्या बंद पेटीबाहेर) काढला की डोळ्यांदेखत ढगाळ होतो आणि पारदर्शक होत जातो. म्हणून त्यावर ॲल्युमिनियमचं पांघरूण घालतात.

१९८७ मध्ये कोडॅकमध्ये चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी पहिला कामाचा ओएलईडी, म्हणजे सेंद्रिय थरांचा दिवा, दाखवला, तेव्हा त्यांनी मॅग्नेशियममध्ये दहास एक या प्रमाणात चांदी मिसळली. मॅग्नेशियम इलेक्ट्रॉन छान घालतं, पण सेंद्रिय थराला नीट धरत नाही आणि लवकर गंजतं. चांदीने दोन्ही सावरलं, आणि दिवा १० व्होल्टच्या आत पेटला. मॅग्नेशियम-चांदीची जोडी आजही मोबाइलच्या ओएलईडी पडद्यात पातळ, अर्धपारदर्शक कॅथोड म्हणून दिसते. १९९७ मध्ये तांग यांच्याच गटाने ॲल्युमिनियमखाली नॅनोमीटरभर लिथियम फ्लोराइड घातलं. लिथियम फ्लोराइड खरं तर वीजरोधक, पण तेवढ्याने ॲल्युमिनियम कितीतरी कमी वर्क फंक्शनच्या धातूसारखं वागू लागलं. थर २-३ नॅनोमीटरवर नेलात तर दिवा उलट मंदावतो, इतकं ते नाजूक आहे.

२०१२ चा उपाय मला सगळ्यात आवडतो. अमाइन गट असलेल्या पीईआय किंवा पीईआयई या साध्या पॉलिमरचा अतिपातळ थर जवळजवळ कुठल्याही वाहकावर ओतला की त्याचं वर्क फंक्शन कोसळतं. सोन्याचं तर १ इलेक्ट्रॉनव्होल्टहून जास्त खाली येतं, आणि हे सगळं उघड्या हवेत करता येतं. म्हणजे हवेत टिकणारा धातू घ्या आणि वरून रेणूंची कल्हई करा.

वाकवल्यावर धातूचं काय होतं?

हिशोब सोपा आहे. पत्र्याची जाडी भागिले वळणाच्या त्रिज्येची दुप्पट, म्हणजे वरच्या पृष्ठभागावरचा ताण. १२५ मायक्रॉनचं पेट ५ मिलिमीटर त्रिज्येत वाकवलं तर सव्वा टक्का. आयटीओ काचेसारखा ठिसूळ, साधारण १ ते २ टक्क्यांत तडा जातो, म्हणजे आपण काठावर आहोत. सोनं, चांदी, ॲल्युमिनियम हे तुलनेने बरंच सहन करतात, अट एकच: पत्र्याला ते घट्ट चिकटलेले हवेत. सुटलेल्या जागी ताण गोळा होतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. क्रोमियमचा थर जाड झाला तर तो ठिसूळपणे आधी तडकतो आणि सोन्यालाही घेऊन जातो.

शहाणपणाचा मार्ग धातू बदलण्यापेक्षा पत्रा पातळ करण्याचा आहे. २०१३ मध्ये टोकियो विद्यापीठात ताकाओ सोमेया यांच्या गटाने १ मायक्रॉन जाडीच्या पेनवर सर्किट केलं, चौरस मीटरला ३ ग्रॅम वजन. वरच्याच सूत्रात १ मायक्रॉन घालून बघा, ५ मिलिमीटर त्रिज्येला ताण ०.०१ टक्का. असं सर्किट चुरगळलं तरी चालतं. दुसरी युक्ती म्हणजे वरून तेवढ्याच जाडीचं आवरण घालून धातूला मधोमध ठेवणं, जिथे ना ताण ना दाब.

द्रवरूप धातूचं ऐकलं, ते काय?

गॅलियम आणि इंडियमचा मिश्रधातू, साधारण १५ अंशांना वितळतो, म्हणजे आपल्याकडे जवळजवळ बारा महिने द्रव. ताणल्या जाणाऱ्या वायरिंगसाठी छान. फक्त ॲल्युमिनियमच्या जवळ नेऊ नका. गॅलियम त्याच्या दाण्यांच्या फटीत शिरून त्याचा अक्षरशः भुगा करतं.

माझी मोबिलिटी भन्नाट आली. धातूचं श्रेय?

कदाचित धातूचा दोष. कॉन्टॅक्टचा रोध गेट व्होल्टेजबरोबर झपाट्याने घटत असेल तर आलेखाचा एक तुकडा खोटाच उभा चढतो आणि त्यावरून काढलेली मोबिलिटी अनेकपट फुगते. २०१६ मध्ये हे नीट मांडलं गेलं, तेव्हा बऱ्याच जुन्या आकड्यांकडे लोकांनी संशयाने बघितलं.

खात्री करायची तर एकाच पत्र्यावर ५०, १००, २०० मायक्रॉन असे वेगवेगळ्या लांबीचे चॅनल करा, एकूण रोध लांबीसमोर मांडा आणि रेघ शून्य लांबीपर्यंत मागे न्या. जे उरतं ते दाराचं भाडं, म्हणजे कॉन्टॅक्टचा रोध. २०० मायक्रॉनला तो दिसत नाही, ५ मायक्रॉनला दुसरं काही दिसत नाही.

हे भारतात कुठे करता येतं?

आयआयटी कानपूरला लवचीक इलेक्ट्रॉनिक्सचं राष्ट्रीय केंद्र आहे. आयआयटी मुंबईच्या नॅनोइलेक्ट्रॉनिक्स सुविधेत बाहेरच्या संशोधकांनाही वापरकर्ता कार्यक्रमातून काम करता येतं.

सोनं परवडतं कसं?

५० नॅनोमीटरच्या थराला चौरस सेंटिमीटरला ०.१ मिलिग्रॅमच लागतं, म्हणजे १ ग्रॅममध्ये एक चौरस मीटर. पण बोट ३० सेंटिमीटर खाली असेल तर ढोबळ हिशोबाने पाव ग्रॅमहून थोडं जास्त सोनं उडवावं लागतं, आणि अडीच सेंटिमीटरच्या चौकोनी सॅम्पलवर त्यातलं जेमतेम ०.६ मिलिग्रॅम बसतं. बाकीचं सगळं चेंबरच्या भिंतींवर. म्हणून भिंतींना आतून ॲल्युमिनियमची फॉइल लावतात, ती मळली की टाकत नाहीत, डब्यात साठवतात. आमचा डबा भरला की तो सोनं गाळून घ्यायला जातो, आणि त्या दिवशी वजन करायला प्रयोगशाळेतले सगळे हजर असतात.